सगळ्यात भारी बोर्ड कुठला, हे विचारणं बंद करा

आठवड्यातून एकदा तरी मला हा मेसेज येतोच. 'दादा, अर्डुइनो घेऊ की ईएसपी-३२? सगळ्यात भारी बोर्ड कुठला?' पाठवणारा कधी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असतो, कधी अकरावीला, कधी नोकरीला लागून हौस म्हणून सोल्डरिंग शिकणारा. मी उलट विचारतो, 'कशासाठी हवाय?' त्यावर बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही. आलंच तर असं येतं: 'तसं काही ठरवलं नाही. पण घ्यायचाच तर बेस्ट घ्यावा ना.'

या 'बेस्ट घ्यावा ना'शी माझं भांडण आहे. ते मी जरा तावातावानंच करणार आहे, कारण याच वाक्यापायी माझ्या वडिलांची बोटं जाता जाता राहिली.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा, एकाच कामाला जुंपलेला कॉम्प्युटर. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये तो आहे, एसीच्या रिमोटमध्ये आहे, लिफ्टमध्ये आहे. ही चिप, तिला वीज देणारी सोय आणि कॉम्प्युटरला जोडायची यूएसबी एवढं एका हिरव्या-निळ्या पट्टीवर बसवलं की झाला 'बोर्ड'. बोटभर लांबीचा. त्याला सेन्सर जोडायचे, मोटार जोडायची, प्रोग्राम भरायचा आणि सोडून द्यायचा.

मोबाइलनं लावलेली सवय

आपण बोर्ड निवडतो ते मोबाइल निवडल्यासारखे. आमच्या पिढीला वस्तू पारखायची एकच पद्धत नीट येते. दोन उभ्या रकान्यांत दोन मॉडेल ठेवायची आणि आडव्या ओळींत रॅम, प्रोसेसर, मेगापिक्सेल, किंमत. ज्याच्या बाजूला मोठे आकडे जास्त, तो जिंकला. मोबाइलला हे काही प्रमाणात चालतं, कारण सगळे मोबाइल साधारण एकच काम करतात.

तीच मांडणी बोर्डांना लावली की निकाल आधीच ठरलेला असतो. अर्डुइनो उनो: १६ मेगाहर्ट्झ, ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. ईएसपी-३२: २४० मेगाहर्ट्झ, दोन कोर, ५२० किलोबाइट रॅम, वर वायफाय आणि ब्लूटूथ. शिवाय हा दुसरा बोर्ड अस्सल उनोपेक्षा कितीतरी स्वस्त. सामना संपला. लहान पोरगंही सांगेल कुठला घ्यायचा.

मीही तसंच सांगितलं होतं. स्वतःला.

विहिरीवरचा डबा

वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे. विहिरीवर पाच एचपीची मोटार. शेतीच्या थ्री फेजला पाळी असते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की अण्णा बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जाणार, मोटार चालू करणार, पाणी पोचलं का बघणार. वाटेत साप, अलीकडे बिबट्या. गावातल्या काहींनी 'ऑटो' बसवलेत, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू. पण पन्नास जणांचे ऑटो एकाच सेकंदाला पन्नास मोटारी ओढतात आणि डीपी जळतो. महावितरण म्हणूनच ऑटो लावू नका म्हणून सांगत असतं.

मिसकॉलवर चालणारे तयार स्टार्टर बाजारात मिळतात. पण घरात इंजिनिअर मुलगा असताना विकत कशाला आणायचं? मी ठरवलं, आपणच बनवू. कुठला बोर्ड? अर्थात सगळ्यात भारी. ईएसपी-३२ घेतला. अण्णांना सांगितलं, नवीन बोर्ड बसवतोय. ते म्हणाले, "कुठलं बोर्ड? धाव्वीचं का लाईटचं?"

पहिली अडचण तिथे पोचल्यावरच कळली, आणि ती सांगायलाही लाज वाटते. विहिरीवर वायफाय नसतं. ज्या गुणासाठी बोर्ड घेतला तो गुण तिथे शून्य किमतीचा. मग मी एक जुना मोबाइल हॉटस्पॉट चालू करून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला. एप्रिलचं ऊन. चौथ्या दिवशी मोबाइल तापून बंद. त्यातून सावरलो तर डेटा पॅक संपला. मग जीएसएम मॉड्यूल जोडलं, सिमकार्डवालं. ते नेटवर्क शोधताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. तेवढा दम माझ्या सप्लायमध्ये नव्हता. व्होल्टेज खाली बसायचं आणि बोर्ड रीसेट व्हायचा.

रीसेट झाला तर झाला, परत चालू होईल की, असं मला वाटायचं. पण ईएसपी-३२ बूट होताना त्याच्या काही पिनांवर क्षणभर आपोआप सिग्नल येतो. ही माहिती गुप्त नाही, शोधणाऱ्याला सापडते. मी शोधली नव्हती, कारण मी तुलनेचे तक्ते वाचत होतो. नेमक्या तशाच एका पिनेवर मी रिले जोडला होता. आणि रिले होता स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर. हिरवं बटण क्षणभर दाबलं तरी मोटार लागते.

एका दुपारी अण्णा पंपाची ग्लँड दोरी बदलत बसले होते. बोटं शाफ्टपाशी. बाजूला डब्यातला रिले 'खट्' वाजला. मोटार फिरली नाही, कारण अण्णांनी काम सुरू करण्याआधी तिन्ही किटकॅट काढून खिशात टाकल्या होत्या. माझा डबा बॅटरीवर चालत होता, म्हणून नुसता वाजला. संध्याकाळी फोनवर त्यांनी सहज सांगितलं, "आरं, तुझा डबा मगाशी आपसूक वाजला. किटकॅट काढल्याली हुती म्हणून बरं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. २४० मेगाहर्ट्झच्या दोन कोरांनी जे केलं नव्हतं, ते सातवी पास माणसाच्या चाळीस वर्षांच्या सवयीनं केलं होतं.

मग मी डबा पुन्हा बनवला. जीएसएमला वेगळा सप्लाय आणि मोठा कपॅसिटर. रिलेची पिन बदलली आणि बोर्ड झोपेत असो की शुद्धीवर, पिन बंदच राहावी म्हणून रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर लावला. काँटॅक्टर सुटताना ठिणगी पडते आणि तिच्या धक्क्यानं चिप बावचळते, म्हणून कॉइलला स्नबर. प्रोग्राम अडकला तर त्याला जागं करणारा वॉचडॉग. लाईट आल्यावर लगेच मोटार न लावता काही मिनिटं थांबणं, आणि ती मिनिटं दर वेळी वेगळी, म्हणजे डीपीवर सगळ्यांबरोबर आपलाही भार पडणार नाही. शेवटी डब्यावर एक साधा खटका. अण्णांनी तो खाली केला की रिलेची तार तुटते, मग आतली चिप काही का म्हणेना.

चिप बदलली ती एटमेगा-३२८, म्हणजे उनोवर असते तीच. तीही बोर्डाशिवाय, नुसती २८ पायांची, सॉकेटमध्ये बसवलेली. कारण दोनच. डब्यातलं बाकी सगळं पाच व्होल्टवर होतं आणि ही चिपही पाच व्होल्टवर चालते. आणि ती जळली तर गावातला वायरमन स्क्रूड्रायव्हरनं उचकटून दुसरी बसवू शकतो. प्रोग्राम भरलेल्या दोन चिपा मी डब्यातच चिकटवून ठेवल्यात.

आता कुणी म्हणेल, म्हणजे उनोची चिप जिंकली! अजिबात नाही. वरच्या सगळ्या दुरुस्त्या केल्या असत्या तर ईएसपी-३२ सुद्धा नीट चालला असता. माझं म्हणणं तेच आहे. चूक बोर्डाची नव्हती. ज्या सात-आठ गोष्टींवर तो डबा तगला किंवा मेला, त्यातली एकही मी वाचलेल्या तक्त्यात नव्हती.

तक्ता जे सांगतो तेही अर्धंच

बरं, तक्त्यात जे असतं ते तरी खरं असतं का? आकडा खरा असतो. त्याचा अर्थ आपण भलताच लावतो.

सेन्सरचं व्होल्टेज मोजायची सोय घ्या. उनो ते १,०२४ पायऱ्यांत मोजतो, ईएसपी-३२ तब्बल ४,०९६. म्हणजे चौपट अचूक? तराजूवर रेघा जास्त असल्या म्हणून वजन खरं येत नाही. ईएसपी-३२चं मोजमाप दोन्ही टोकांना वाकडं जातं, ते सुधारून घ्यावं लागतं. शिवाय मोजणाऱ्या पिनांचे दोन गट, आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या गटावर भरवसा ठेवता येत नाही. नेमकं वायफायसाठी बोर्ड घेतलेल्या माणसाला हे प्रोजेक्टच्या आदल्या रात्री कळतं.

दुसरं उदाहरण झोपेचं. बॅटरीवर चालणारी वस्तू बहुतेक वेळ झोपलेली असावी लागते. ईएसपी-३२ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. २,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर हा हिशोब २० वर्षांच्या पुढे जातो. पण हा आकडा चिपचा झाला. बोर्डावर व्होल्टेज रेग्युलेटर आहे, यूएसबीची चिप आहे, आणि काही कारण नसताना रात्रंदिवस जळणारा लाल एलईडी आहे. हे सगळे मिळून पाच मिलिअँपिअर खात असतील, तर तीच बॅटरी ४०० तास टिकते. सोळा-सतरा दिवस. वीस वर्षांचे सतरा दिवस! आणि उनोप्रेमींनी हसू नये. अख्खा उनो बोर्ड झोपेशिवाय ४०-५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे तीच बॅटरी दोन दिवसांत झोपते.

प्रत्येक बोर्डाचा जन्म कुणासाठी तरी झाला

तक्त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा वेगळाच आहे. प्रत्येक बोर्ड हा कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतो. तक्ता तो प्रश्नच पुसून टाकतो.

अर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात जन्मला. तिथल्या डिझाइन संस्थेत शिकणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नको होती, त्यांना आपल्या कल्पना हलत्या-बोलत्या करायच्या होत्या. त्याआधी २००३ साली तिथेच एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्यानं 'वायरिंग' नावाचं व्यासपीठ आपल्या प्रबंधासाठी बनवलं होतं. अर्डुइनो त्याच पायावर उभा राहिला. नाव ठेवलं ते गावातल्या एका बारवरून, आणि त्या बारचं नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या इटलीच्या राजावरून. या बोर्डाला वेगाची फिकीर कधीच नव्हती. ज्याला रजिस्टर म्हणजे काय ते माहीत नाही, त्याचाही दिवा पहिल्या तासात लुकलुकला पाहिजे, एवढीच त्याची प्रतिज्ञा. ती त्यानं पाळली.

ईएसपी-३२चा थोरला भाऊ ईएसपी-८२६६. तो २०१४ साली हौशी लोकांच्या हाती आला तो दुसऱ्या बोर्डाला वायफाय पुरवणारा गडी म्हणून. मग लोकांच्या लक्षात आलं, की या गड्यातच मालकापेक्षा जास्त दम आहे. २०१६ साली ईएसपी-३२ आला. त्याचा मूळ प्रश्न: वस्तू स्वस्तात इंटरनेटला कशी जोडायची?

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बीबीसीनं शाळकरी मुलांना मायक्रोबिट फुकट वाटला, सुमारे दहा लाख. त्याच्यावर २५ छोटे दिवे आणि दोन बटणं आधीच आहेत, कारण अकरा वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी ब्रेडबोर्ड आणि तारांच्या जंजाळात टाकायचं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको आला, चार डॉलरला. त्याची खरी करामत म्हणजे आतली छोटी स्वतंत्र यंत्रं, जी मुख्य प्रोसेसरला न थांबवता अगदी नेमक्या वेळेचे सिग्नल काढतात. तक्त्यात याला फार तर एक रकाना मिळतो.

आता सांगा, हे चौघे कुठल्या एका शर्यतीत पळतायत? विळा, अडकित्ता, सुई आणि कुऱ्हाड यांची पात्याच्या लांबीवरून तुलना केल्यासारखं आहे हे.

दोन्हीकडचे शहाणे

या भांडणात मला दोन्ही बाजूंचे लोक झोडपतात, म्हणून दोघांनाही उत्तर देतो.

पहिले म्हणतात, 'आठ बिटांचा जमाना गेला. २०१० सालचा उनो शिकणं म्हणजे म्हातारपणाची सेवा.' यांना मी एवढंच विचारतो, तुमच्या कामात त्या २४० मेगाहर्ट्झपैकी किती लागले? टाकी भरली की मोटार बंद करायला किती वेग लागतो? जिथे कॅमेरा आहे, आवाज ओळखायचा आहे, इंटरनेट आहे, तिथे उनो घेऊन बसणं हा हट्टीपणा आहे, मान्य. पण कामाला न लागणारी ताकद घेऊन मिरवणं हाही शहाणपणा नव्हे.

दुसरे म्हणतात, 'अर्डुइनो पोराटोरांचा खेळ. खरा इंजिनिअर एसटीएम-३२वर रजिस्टर लिहितो.' आठ रुपयांच्या वड्यासाठी मला आधी चुलीचं विज्ञान समजावणारे हे लोक. रजिस्टर समजणं चांगलंच, मला ते एका वर्षानं समजलं आणि मजा आली. पण पहिल्याच दिवशी दारात उभं राहून 'हा रस्ता तुझा नाही' म्हणणाऱ्यांमुळे किती मुलं, विशेषतः किती मुली परत गेल्या, हे मी वर्गात बसून पाहिलंय. आणि यांचा तो स्वस्तातला लाडका ब्लू पिल बोर्ड बाजारात सर्रास नकली चिपेसह मिळतो. नवशिक्याला कळतही नाही, की चूक आपली आहे की चिपेची.

कॉलेजांनी तर कहर केला आहे. आमच्याकडे १९८० सालच्या ८०५१चे पाय पाठ करून घेतले आणि प्रोजेक्टला मात्र 'लेटेस्ट काय वापरलं?' हा प्रश्न. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या मित्राला बोर्डाचं नाव विचारलं, किंमत विचारली. 'वस्तू बंद पडली तर काय होईल?' हे कुणी विचारलं नाही. त्याची वस्तू चालतच नव्हती, आणि तेही कुणी विचारलं नाही. गुण चांगले पडले.

परिणाम काय? माझ्या ओळखीतल्या कुठल्याही हौशी माणसाचा ड्रॉवर उघडा. पाच-सहा बोर्ड, त्यातले तीन अँटिस्टॅटिक पाकिटातून बाहेरही न आलेले. पूर्ण झालेली वस्तू एक. तीही एलईडीची पट्टी. बोर्ड विकत घेतला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं ओसरेपर्यंत नवा बोर्ड आलेला असतो. माझ्याही ड्रॉवरमध्ये चार आहेत. म्हणून तर एवढं चिडून लिहितोय.

'पण नवशिक्यानं सुरुवात कुठून तरी करायची ना?' हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर: कुठूनही. हाताला येईल तो बोर्ड घ्या, ज्याच्याविषयी अडलं तर विचारायला जवळ कुणीतरी आहे असा घ्या, आणि वर्षभर दुसरा घेऊ नका. घेण्याआधी वहीत चार ओळी लिहा. ही वस्तू कुठे राहणार आहे? तिला वीज कुठून मिळणार? ती अडकली तर कुणाचं काय बिघडणार? आणि दुरुस्त कोण करणार? चौघांची उत्तरं लिहून झाली की बोर्ड बहुतेक वेळा आपोआप ठरतो. आणि नाहीच ठरला, तर समजा, की कुठलाही चालेल.

गेल्या महिन्यात असाच एक मेसेज आला. कराडची मुलगी, बीएस्सीला. 'दादा, कुठला बोर्ड घेऊ?' मी सवयीनं विचारलं, 'कशासाठी?' आणि चक्क उत्तर आलं. आईनं घरी गावरान कोंबड्या पाळल्यात, अंडी उबवायचं मशीन बनवायचंय. ३७.५ अंश, २१ दिवस.

एकवीस दिवस. एकदाही अडकायचं नाही, एकदाही तापमान भरकटू द्यायचं नाही. मी विचारलं, 'घरात कुठला बोर्ड पडलाय?'

'उनो. अकरावीत घेतलेला. पण तो जुना आहे ना?'

'तोच वापर.'

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, हिचाही हिरमोड झाला. मग स्क्रीनवर ओळ उमटली: 'बरं. पण मधेच लाईट गेली तर अंड्यांचं काय करायचं?'

मी फोन घेऊन खुर्चीत सावरून बसलो. पुढे आम्ही दोन तास बोलत होतो. बोर्डाचा विषय पुन्हा निघाला नाही.